शिरीन नावाचे अनुभव लिहा

नमस्कार. घरात मुलगी आली आहे आणि शिरीन हे नाव आम्हा दोघांच्या मनात भरलंय. फारसीत शिरीन म्हणजे गोड. इराणचा सासानी राजा दुसरा खुस्रो याची राणी शिरीन ख्रिस्ती होती, आणि निजामी गंजवीने बाराव्या शतकात या दोघांवर मोठं प्रेमकाव्य रचलं, इथपर्यंत वाचून झालंय. आता हे नाव रोज वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय. सविस्तर लिहा.

*

मी शिरीन, पुणे कॅम्प. पारशी घर, बपईजींचं म्हणजे वडिलांच्या आईचं नाव मला मिळालं. मेहेरबाबांच्या आईचं नावही शिरीनच, त्यामुळे पुण्या-नगरकडच्या जुन्या मंडळींना ते परकं वाटत नाही. शाळेत मात्र फार सोसलं. नव्या बाई आल्या की हजेरीत 'शिरीष'! चौथीत वक्तृत्वाच्या प्रशस्तिपत्रावर 'कुमार शिरीष' असं आलं तेव्हा घरी येऊन रडले होते. तरीही सांगते, जरूर ठेवा. पन्नाशी उलटली, अजून कुणी हाक मारली की बरं वाटतं.

*

आमच्या डहाणूला चिकूच्या वाड्या असलेली बरीच इराणी कुटुंबं आहेत. शेजारच्या शिरीनआंटी 21 मार्चला, नवरोजला, आम्हा पोरांना बोलवायच्या. टेबलावर आरसा, रंगवलेली अंडी, थाळीत उगवलेले हिरवे गहू. दारातच तळहातावर गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायचं, मग आरशात तोंड बघायचं, मग मिठाई. शिरीन म्हटलं की मला अजून तो गुलाबपाण्याचा वास येतो.

*

आम्ही रत्नागिरीचे. माझ्या बहिणीचं नाव शिरीन ठेवलं तेव्हा आजीला अर्थ विचारावा लागला नाही. दर्ग्यात वाटतात ती शिरणी त्याच शब्दातली.

*

जर्मनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी शिरीन मूळची इराणच्या केर्मानशाहची. नावाचा विषय काढला आणि जेवणाची सुट्टी संपली! तिच्या प्रांतात राणीच्या नावाचं कस्र-ए-शिरीन हे गाव आहे. बिसोतूनच्या डोंगरात तासलेली एक प्रचंड गुळगुळीत भिंत आहे, ती शिरीनसाठी झुरणाऱ्या फरहादने कोरली असं लोक मानतात. त्या कथेत तो पाथरवट शिरीन मेल्याची खोटी बातमी ऐकून जीव देतो. ती म्हणते, तिच्या ओळखीच्या शिरीन बहुतेक मावशी-आत्याच्या वयाच्या. 2003 मध्ये शिरीन एबादींना शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा ती शाळेत होती. आपल्या नावाची बाई जगभरच्या बातम्यांत बघून तिला केवढा अभिमान वाटला, हे सांगतानाही तिचे डोळे चमकत होते.

*

सिंगापूरहून लिहितेय. इथे शिरीन फोजदार हे नाव आदराने घेतात. जन्म 1905, मुंबईचा, आईवडील इराणी, धर्म बहाई. बहुपत्नीत्वाविरुद्ध त्या वर्षानुवर्षं लढल्या आणि 1961 मध्ये इथे 'महिला सनद' हा बायकांच्या हक्कांचा कायदा झाला. पारशी, मुसलमान, बहाई, ख्रिस्ती राणी, सगळ्यांनी आपलं मानलेलं असं नाव मला दुसरं चटकन आठवत नाही. लेकीसाठी याहून चांगलं काय शोधणार?

*

रत्नागिरीवाली पुन्हा. इंग्रजी स्पेलिंग एक 'आय'चं की दोन 'ई'चं, ते जन्मदाखल्याआधी ठरवा आणि सगळीकडे तेच लावा. बहिणीच्या पदवीवर एक, पासपोर्टवर दुसरं. व्हिसाच्या वेळी प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागलं.