सिग्नल केबिन : जपायची की पाडायची?

परभणीकर : मनमाडहून आपल्याकडे येणारी मीटरगेज लाईन नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली आणि जुन्या खुणा एकेक करत गेल्या. जिथं सिग्नल केबिन, म्हणजे सिग्नल आणि रुळांचे सांधे हातानं हलवायची दुमजली खोली, अजून उभी आहे, तिथं एक तरी ठेवा. वर लिव्हर, खाली इंटरलॉकिंग (चुकीचे लिव्हर एकत्र ओढू न देणारी यंत्रणा), तीन बाजूंनी खिडक्या. उंची शोभेसाठी नव्हती. गाडी गेली की केबिनमन शेवटच्या डब्यामागची एलव्हीची (लास्ट व्हेइकल, म्हणजे शेवटचा डबा) पाटी, रात्री लाल दिवा बघायचा. तो दिसला की गाडी पूर्ण आली, मागं डबा सुटला नाही. आता स्टेशनात रिलेची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांची बंद खोली, तिला कसलं आलंय रूप?

लिव्हरवाला : रूप बघायला बरं वाटतं हो! वडील केबिनवर होते. मे महिन्यात वर तापलेला पत्रा. उन्हानं लिव्हरपासून सिग्नलपर्यंतची तार लांबली की लिव्हर पूर्ण ओढूनही सिग्नलचा हात अर्धवटच. मग तारेचा ॲडजस्टर आवळा, पुन्हा ओढा. आता पाटी बघायचं काम ॲक्सल काउंटर करतो, चाकं मोजून. पाडा म्हणतो मी.

परभणीकर : काम परत सुरू करा कोण म्हणतंय? इमारत ठेवा. ब्रिटनमध्ये 2013 साली एकदम 26 सिग्नल बॉक्सना, म्हणजे तिकडच्या केबिनना, संरक्षण दिलं.

पूर्णा_जंक्शन : त्याच ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम न्यू स्ट्रीट स्टेशनच्या सिग्नल बॉक्सचा 1966 चा काँक्रीटचा ठोकळाही संरक्षित आहे. म्हणजे विटा-लाकडाचं तेवढंच वारसा, असं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बच्या भीतीनं जाड भिंतींच्या, काँक्रीट छताच्या केबिन बांधल्या. गरज बदलली, इमारत बदलली. तुमची रिलेची खोलीही त्याच वाटेवरची.

परभणीकर : एसीसाठी खिडक्या बुजवल्या की वास्तुकला?

पूर्णा_जंक्शन : तुमच्या खिडक्या तरी कशासाठी होत्या? पाटी बघायलाच ना! ते काम गेलं, खिडकी गेली.

लिव्हरवाला : बरं, ठेवायचीच तर पूर्ण ठेवा. लाल लिव्हर सिग्नलचा, काळा पॉइंटचा (गाडीचा रूळ बदलणारा सांधा), निळा तो सांधा पक्का करणाऱ्या लॉकचा. खालच्या मजल्यावरच्या लॉकिंगच्या पट्ट्या भंगारात विकून वर नुसत्या काचा पुसणार असाल, तर त्यापेक्षा चहाचं हॉटेल काढा.

परभणीकर : लॉकिंगसकट, मान्य. पण पाडायचं तुम्ही आधी मागं घ्या.

लिव्हरवाला : एका केबिनपुरतं घेतलं. बाकीच्या पाडा.