नैराश्यावरची औषधे खरोखर किती गुण देतात?

प्रश्न (सांजपारवा):
माझ्या त्रेसष्ट वर्षांच्या वडिलांना सात आठवड्यांपासून एस्सिटालोप्रॅम हे नैराश्यावरचे औषध चालू आहे. भूक थोडी सुधारली आहे, परंतु पहाटे तीनला जाग येणे आणि दिवसभर कुणाशीही न बोलणे तसेच आहे. त्यातच मानसशास्त्रज्ञ अर्विंग कर्श यांचे अशा औषधांविषयीचे २००८ मधील विश्लेषण वाचले. अमेरिकी औषध प्रशासनाकडील ३५ चाचण्यांत औषध आणि प्लासिबो (औषधासारखी दिसणारी, पण औषध नसलेली गोळी) यांच्यातील सरासरी फरक नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या हॅमिल्टन मापनश्रेणीवर केवळ १.८ गुणांचा निघाला, तर ब्रिटनमध्ये तेव्हा किमान ३ गुणांचा फरक अर्थपूर्ण धरला जात होता. मग गोळ्या बंद करून समुपदेशन सुरू करावे का?

प्रतिसाद १ (मनोविकारतज्ज्ञ, २१ वर्षे व्यवसाय):
आपली शंका रास्त आहे, आणि आमच्या क्षेत्राने ती ओढवून घेतली आहे. मनोविकारतज्ज्ञ एरिक टर्नर यांनी २००८ मध्येच दाखवले, की अमेरिकी औषध प्रशासनाकडे नोंद झालेल्या, या औषधांच्या ७४ चाचण्यांपैकी ३८ अनुकूल होत्या आणि त्यांतील ३७ छापल्या गेल्या; उरलेल्या ३६ पैकी २२ छापल्याच गेल्या नाहीत, आणि ११ अनुकूल वाटाव्यात अशा रीतीने मांडल्या गेल्या. हे वाचल्यापासून मी औषधकंपनीचे माहितीपत्रक पुरावा म्हणून वापरत नाही.

तरीही आपण उल्लेखलेल्या लेखातच पुढे असे आहे, की आजार अतितीव्र असेल तेव्हा फरक वाढतो. २०१८ मध्ये संशोधक सिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावरील औषधांच्या ५२२ चाचण्या तपासल्या, त्यांत अप्रकाशितही होत्या, आणि २१ही औषधे प्लासिबोपेक्षा सरस ठरली. मात्र सरासरी लाभ माफकच होता. सरासरीत कुणाला भरपूर गुण आलेला असू शकतो, तर कुणाला मुळीच नाही. म्हणून सात आठवड्यांनंतर खरा प्रश्न असा, की मात्रा पुरेशी आहे का, औषध बदलावे का, थायरॉइड तपासले आहे का. हे आपल्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. मरणाचा विचार बोलून दाखवत असतील तर मात्र आजच न्या.

प्रतिसाद २ (कोरडा_ओढा):
मी बरे वाटू लागताच स्वतःच्या मनाने गोळ्या एकदम सोडल्या होत्या. चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके आणि विनाकारण रडू, असे तीन आठवडे गेले. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाच महिन्यांत मात्रा उतरवली, तेव्हा काहीच त्रास झाला नाही. कृपया एकदम बंद करू नका.

प्रतिसाद ३ (मांडवीकाठ):
समुपदेशन म्हणजे दुय्यम उपाय, असे मात्र समजू नये. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. रुग्णाला आनंद देणारी छोटी कामे पुन्हा सुरू करून देणे हा त्यांचा गाभा होता. तीन महिन्यांनी लक्षणमुक्त झालेले ६४ टक्के होते, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. औषध आणि समुपदेशन यांतून एकच निवडायचे, असे कुठे आहे?

सांजपारवा:
गोळ्या चालू ठेवत आहे. शुक्रवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. मात्रा आणि थायरॉइड, दोन्ही विचारीन. बाबा पूर्वी रोज सकाळी परसातल्या जास्वंदीला पाणी घालत असत. उद्या झारी भरून त्यांच्यासोबत उभी राहीन.