मदत हवी आहे: पायथॉन सुरू केल्यापासून आठवीचा वर्ग गप्प झालाय

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. बीएस्सीला असताना सी ही संगणकाची भाषा शिकले होते, तेवढ्या भांडवलावर जूनपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर आठवीच्या मुलांचा कोडिंगचा वर्ग घेतेय. मुलं 22, संगणक 11, त्यातले चालू 8. सगळ्यांवर विंडोज 7. नेट म्हणजे माझा हॉटस्पॉट.

दिवाळीपर्यंत स्क्रॅच केलं (पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्राम करायचा), जुनी 1.4 आवृत्ती. काय मजा आली म्हणून सांगू! एकाने मांजराला एसटी चुकवायला लावणारा खेळ केला, तो बघायला दहावीची मुलं खिडकीत उभी राहायची. मला वाटलं, आता पोरं तयार झाली. दिवाळीनंतर पायथॉन 3.8 टाकलं, म्हणजे आज्ञा टाइप करून लिहायची भाषा, आणि वर्गावर जणू सुतक आलं. 22 ची 14 झाली, गेल्या शनिवारी 9 आली.

मी काय करते ते सांगते. फळ्यावर प्रोग्राम लिहून समजावते, मुलं बघून टाइप करतात. कुणाचा कोलन राहतो, कुणाचा कंस. हात वर झाला की धावत जाते, दुरुस्त करते, पुढच्याकडे जाते. शनिवारी घरी येते तेव्हा पाय दुखत असतात. मेहनतीत कमी पडत नाहीये हो.

तीन ठिकाणी अडलंय.

चूक झाल्याची लाल अक्षरं पडद्यावर आली की मुलं घाबरतात. एक मुलगी तर मी जवळ गेले की पडद्यावर तळवा ठेवते, चूक दिसू नये म्हणून.

दुसरं, एक्स = एक्स + 1. एक पठ्ठ्या उठून म्हणाला, "मॅडम, दोन्ही बाजूंनी एक्स वजा केला तर 0 = 1 येतं. हे खोटं आहे." समीकरणं मीच शिकवलीत त्याला! मी "इथे असंच असतं" म्हणून वेळ मारून नेली, ते मनाला लागून राहिलंय.

तिसरं इंग्रजी. चलांना मराठी नावं दिली तर चालतात का? की सरळ स्क्रॅचवर परत जाऊ?

---

रात्रपाळी

मॅडम, आधी तिसऱ्याचं उत्तर, कारण ते सोपं आहे. पायथॉन 3 मध्ये चलाचं नाव देवनागरीत चालतं. खुशाल लिहा:

गुण = 0
गुण = गुण + 1

भाषेचे मूळ शब्द मात्र इंग्रजीतच राहतील. ते पहिल्या महिन्यात दहा-बाराच लागतात, भिंतीवर तक्ता लावा.

दोन खड्डे सांगून ठेवतो. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह बसतं आणि पायथॉन अडून बसतो. दिसायला दोन्ही शब्द सारखेच, त्यामुळे तासभर डोकं फुटतं. असे शब्द टाळाच. आणि तुम्ही वर्डमध्ये लिहिलेला प्रोग्राम मुलांना देत असाल तर वर्ड सरळ अवतरण चिन्हं वळवून टाकतो. मग 'इन्व्हॅलिड कॅरॅक्टर' (न चालणारं अक्षर) अशी ओरड. नोटपॅड वापरा.

एक गंमत वर्गात करून बघा. प्रोग्राममध्ये थेट १२ असं देवनागरीत लिहिलं तर चूक येते, पण इनपुट या आज्ञेने विचारून उत्तर इंटमध्ये (मजकुराची संख्या करणाऱ्या आज्ञेत) घातलं आणि मुलाने १२ टाइप केलं तर पायथॉन ते बिनतक्रार 12 म्हणून घेतो.

0 = 1 म्हणणाऱ्या मुलाला माझ्याकडून चॉकलेट द्या. तो बरोबर आहे. त्या चिन्हाला 'बरोबर' म्हणणंच सोडा. कबड्डीचा गुणफलक आठवा: जुना आकडा वाचायचा, एक मिळवायचा, पुसायचा, नवा लिहायचा. आधी उजवी बाजू, मग डावी. आमच्या गुणफलकाच्या उदाहरणात त्याला वजा करायला काही सापडणार नाही.

---

कुरकुर

पाढे येत नाहीत आठवीच्या मुलांना आणि म्हणे कोडिंग.

---

जुनी पाटी

कुरकुर, धागा वाचलात का? एका मुलाने दोन्ही बाजूंनी एक्स वजा केलाय. त्याला पाढे येत असावेत.

बाई, मी 31 वर्षं विज्ञान शिकवलं, संगणकातलं मला जेमतेम कळतं. पण तुमची अडचण संगणकाची वाटत नाही. राग मानू नका, वर्गात सगळ्यात जास्त कोडिंग तुम्हीच करताय. हात वर झाला की मॅडम येणार, कोलन टाकणार, जाणार. पोराला काय कळलं? की चूक ही मॅडमने पुसायची गोष्ट आहे. मग ती मुलगी तळवा ठेवणारच.

प्रयोगशाळेत माझाही हात असाच शिवशिवायचा. शेवटी मी दोन्ही हात पाठीमागे बांधून फिरायला लागलो. तुम्हीही की-बोर्डला हात लावू नका. "शेवटची ओळ वाच बरं" एवढंच म्हणा आणि थांबा. थांबणं फार जड जातं, सांगून ठेवतो.

पुढच्या शनिवारी फळ्यावर मुद्दाम चुकीचा प्रोग्राम लिहा. चालवायच्या आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: काय होईल? मग चालवा. पहिली चूक मॅडमची असली की बाकीच्यांच्या चुकांची भीती जाते.

आणि 8 संगणकांवर तिघं-तिघं बसवा. एकाचे हात, दुसऱ्याचं तोंड, तिसऱ्याकडे चुकांची वही: लाल अक्षरांतली शेवटची ओळ काय होती, निघालं काय. दर दहा मिनिटांनी जागा बदला.

---

मांडवीकाठ

जुनी पाटी यांना अनुमोदन. मी गोव्यात शाळेत कोडिंग शिकवतो. स्क्रॅचवर परत जाऊ नका, कासवाकडे जा. पायथॉनसोबत टर्टल आपोआप येतं, म्हणजे आज्ञा देऊन पडद्यावर रेघा काढत फिरवायचं कासव; नेट लागत नाही. 1967 मध्ये गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो भाषा केली, कासवाची कल्पना त्या घराण्यातली. त्यांचं सुरुवातीचं कासव तर जमिनीवर चालणारं खरं यंत्र होतं. स्क्रॅचमध्ये मांजर हलायचं ते मुलांना दिसायचं. तुमच्या पायथॉनमध्ये नुसते आकडे छापले जातात, मग वर्ग गप्प बसला तर नवल काय.

तुम्ही गणिताच्या आहात म्हणून एक खाऊ देतो. समभुज त्रिकोण काढायला सांगा. सगळी मुलं 60 अंश वळवतील, कारण आतला कोन 60. कासव भलतीकडेच जाईल, आणि सहा वेळा तसंच केलं तर षटकोन होईल. उत्तर सांगू नका. मैदानावर फक्कीने त्रिकोण आखा आणि एकाला त्यावर चालवा. कोपऱ्यावर आपण किती वळलो हे त्याचं त्यालाच कळतं: 120. मग चौकोन काढून 10 अंश वळणं, असं 36 वेळा. रांगोळी तयार.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, आणि उशिराबद्दल क्षमस्व. दोन शनिवार झाले.

जुनी पाटी सर, तुमचं वाचून आधी रागच आला. रात्री पुन्हा वाचलं. हात मागे बांधून फिरले, तर एका गटाला एक कंस सापडायला 17 मिनिटं लागली. माझा जीव नुसता वरखाली. सापडला तेव्हा मात्र आरडाओरडा ऐकून शिपाईमामा डोकावले.

गुणफलक लागू पडला. 0 = 1 वाल्याचं म्हणणं आहे की मग त्या जागी बाण का नाही वापरत. मला पटलं.

पहिल्या शनिवारी 9, काल 13. तळवा अजून ठेवते ती, पण बोटं फाकवून.

नवी अडचण: काल त्रिकोण मैदानावर छान झाला, संगणकावर मात्र बाकी गटांचं कासव उठेचना. टर्टलमध्ये फॉरवर्ड (पुढे जायची आज्ञा) नाहीच, असं काहीतरी लाल अक्षरांत. फक्त एका गटाचं चाललं.

---

रात्रपाळी

ज्यांचं चाललं नाही त्या गटांनी फाइल कुठल्या नावाने सेव्ह केलीय?

---

धागाकर्ती

टर्टल. मीच सांगितलं होतं. चाललं त्यांनी 'कासव' ठेवलंय.

---

रात्रपाळी

मग पायथॉन खऱ्या कासवाऐवजी तुमचीच फाइल उघडतोय. नाव बदला, चालेल. आणि चुकांच्या वहीत ही तुमच्या नावावर लिहा.