पाकिटं तीन, औषध एकच

काकू: यांना कालपासून ताप आहे, अंग मोडून आलंय. तापाची, अंगदुखीची, सर्दीची अशा तिन्ही गोळ्या चालू आहेत. तरी ताप हटेना. अजून एक देऊ का गं?

ताई: थांब काकू. आधी पाकिटांच्या मागचे फोटो टाक. मोठं नाव नको, खालची बारीक अक्षरं.

काकू: सर्दीची पट्टी अर्धी कापलेली आहे. नेमकं नाव त्या तुकड्याबरोबर गेलं.

दादा: तुकडा डब्याच्या तळाशी सापडला. फोटो टाकतो.

ताई: बघा, तिन्हींत पॅरासिटामॉल! 650, 325 आणि 500. तापाची आणि सर्दीची तीनदा, अंगदुखीची दोनदा धरली तर दिवसाचे 4100 मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाची चोवीस तासांची कमाल 4000. उतारवय, कमी वजन, यकृताचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टर त्याहून कमीच ठेवतात. खरं सांग, आतापर्यंत किती दिल्यास?

काकू: काल तापाच्या दोन. आज सकाळी तिन्ही एकदम.

ताई: म्हणजे सकाळी एका झटक्यात 1475. एका वेळी 1000 च्या वर नको. कालच्या धरून 2775 होतात. घाबरू नकोस, पण आत्ताच डॉक्टरांना फोन करून हाच आकडा सांग. तोवर काही देऊ नकोस.

दादा: पॅरासिटामॉल तर सगळ्यात सेफ ना?

ताई: मापात असेल तर. जास्त झालं तर यकृतावर जातं, आणि पहिला दिवस माणूस अगदी ठीक दिसतो. उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. लक्षणांची वाट बघत बसायचं नसतं.
आणि काका रक्त पातळ करायची गोळी घेतात ना? अंगदुखीच्या गोळीत ॲसिक्लोफिनॅक हे वेदनाशामकही आहे. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो. हेही सांग डॉक्टरांना.

वहिनी: छोटूचे तापाचे, पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स संपलेत. तेवढंच सिरप देऊ?

ताई: अजिबात नको! आपल्या ड्रॉप्समध्ये 1 मिलीत 100 मिग्रॅ असतं, सिरपमध्ये 5 मिलीत 125 किंवा 250. डोस वजनावर ठरतो. बाटलीचा फोटो आणि वजन डॉक्टरांना पाठव.

काकू: बोलले. अंगदुखीची आणि सर्दीची बंद, तापाची एकच, तीही दुपारनंतर. उद्या दाखवायला बोलावलंय. दादा, ते दोन तुकडे चिकटवून ठेव रे.