डिपिंगच्या टबात दुपारी तवंग येतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कवठेमहांकाळ तालुक्यात आमची बेदाण्याची शेड आहे. माल बहुतेक थॉमसन जातीच्या द्राक्षांचा. डिपिंगचं, म्हणजे सुकवण्याआधी द्राक्षं बुडवायच्या द्रावणाचं, प्रमाण नेहमीचंच, लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑईल. सकाळी द्रावण दुधाळ, एकजीव असतं. दुपारी ऊन चढलं की टबात वर पिवळसर तवंग आणि तळाला पांढरा गाळ. त्या वेळी बुडवलेला माल रॅकवर सारखा सुकत नाही. एकाच घडात काही मणी सुरकुतलेले, काही तसेच टपोरे. असा मिसळ माल तासगावच्या सौद्यात मार खातो, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

ऑईल म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून सोबत इमल्सिफायर, म्हणजे सर्फॅक्टंट लागतो. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. म्हणून तेलाचे बारीक थेंब पाण्यात टिकतात आणि मण्यावरच्या मेणापर्यंत पोचतात. मेण सैल झालं की आतलं पाणी लवकर निघतं. थेंबच एकत्र येऊन वर आले तर काही मण्यांना तेल जास्त, काहींना नाहीच. इथपर्यंत समजतं.

आता प्रश्न. दोष आमच्या बोअरच्या जड पाण्याचा की उन्हाचा? शिवाय शेजारचे काका म्हणतात, भांडी घासायचं लिक्विड थोडं टाक. मन धजत नाही. बेदाणा पोरंबाळं खातात.

प्रतिसाद:

दादा, लिक्विड अजिबात टाकू नका. खाण्याच्या मालावर ते सुकून बसेल.

दोन्ही दोष एकदम असू शकतात. आधी बाटलीत बोअरचं पाणी घ्या आणि ऑईल न घालता नुसतं कार्बोनेट विरघळवा. पांढरं होऊन गाळ बसला, तर तो पाण्यातला चुना. जड पाण्यात साबणासारखे आयनिक, म्हणजे विद्युतभार असलेले, सर्फॅक्टंट कॅल्शियमला धरून साका होतात. नॉन-आयनिक, म्हणजे भार नसलेले, तिथे टिकतात, पण त्यांना उष्णता सोसत नाही. ठराविक तापमानाला, म्हणजे क्लाउड पॉइंटला, ते पाण्यापासून सुटू लागतात, आणि कार्बोनेटसारख्या क्षाराने हे तापमान आणखी खाली येतं. म्हणून तयार द्रावण दोन बाटल्यांत भरा. एक सावलीत गार ठेवा, एक उन्हात. फक्त उन्हातल्या बाटलीतलं द्रावण फुटून तवंग आला तर टब सावलीत घ्या, द्रावण थोडं थोडं करा आणि दुपारचं डिपिंग टाळा.

गाळ दिसला तर टाकीत साठवलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी वापरून बघा. कार्बोनेट पूर्ण विरघळल्यावरच ऑईल बारीक धारेने, ढवळत सोडा. बाटल्यांचे फोटो इथे टाका, मग पुढचं बोलू.