पॅराव्ह्यू 5.12.1: दुरुस्ती-आवृत्ती चढवल्याने पृष्ठांवरच्या भेगा जातील का?

मांडवीकाठ (पणजी)

आमच्या विभागात मांडवी, झुआरी आणि त्या दोघींना जोडणारा कुंभारजुवे कालवा यांतील क्षारतेचे संगणकीय प्रारूप चालवले जाते. जाळी वरून त्रिकोणी आणि खोलीत थरांची आहे, क्षारतेचे मूल्य प्रत्येक पेशीमागे (जाळीच्या घरामागे) एक असे साठवले जाते आणि निकाल तुकड्यातुकड्यांच्या पीव्हीटीयू फाइलींत उतरतो. तो पाहण्यासाठी पॅराव्ह्यू हे चित्रणाचे सॉफ्टवेअर वापरतो: चार नोडांवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) त्याचा सर्व्हर, म्हणजे पीव्हीसर्व्हर, आणि टेबलावरच्या संगणकावर क्लायंट अशी मांडणी आहे. दोन्हीकडे आवृत्ती 5.12.0 आहे.

पावसाळ्यात गोड्या पाण्याचा लोंढा खारे पाणी मुखाकडे रेटतो, तो काळ दाखवताना समान क्षारतेच्या पृष्ठांवर बारीक उभ्या भेगा दिसतात. संपूर्ण जलराशी अर्धपारदर्शक केली, तर साधारण त्याच ठिकाणी पाण्यात काचेच्या भिंती उभ्या असल्यासारखे दिसते. 5.12.1 चढवल्याने हे जाईल का? नोडांचा कारभार आमच्याकडे नाही, त्यामुळे तेथे काही बदलायचे तर विनंती करून चवथीच्या सुट्टीत, यंत्रे मोकळी असताना करून घ्यावे लागेल. त्यांनी फक्त सर्व्हर बदलला आणि आमचा क्लायंट जुनाच राहिला तर चालेल का, हेही सांगावे. आम्ही लिहिलेला एक छोटा प्लगइनही वापरात आहे.

फोंडेकर

आपण केलेले वर्णन वाचून मला हा सॉफ्टवेअरचा दोष वाटत नाही, आणि म्हणून दुरुस्ती-आवृत्तीने तो जाईल अशी आशा धरू नये. आवृत्ती-क्रमांकातला तिसरा आकडा वाढतो तेव्हा आधीच्या आवृत्तीत सापडलेल्या चुका दुरुस्त झालेल्या असतात. समांतर चित्रणाची मूळ रीत त्यात बदलत नाही, आणि आपल्या भेगा त्या रीतीशीच निगडित आहेत.

पॅराव्ह्यूचा सर्व्हर ज्या पद्धतीने चित्र काढतो तिला, मोलनार आणि सहकाऱ्यांनी 1994 साली केलेल्या वर्गीकरणानुसार, सॉर्ट-लास्ट म्हणतात. प्रत्येक प्रोसेस (सर्व्हरची एक चालू प्रत) आपल्या वाट्याला आलेल्या तुकड्याचे पूर्ण आकाराचे चित्र काढते, आणि मग आइस-टी ही लायब्ररी ती सगळी चित्रे पिक्सेलागणिक खोली पाहून एकत्र करते. या जुळणीत सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते त्याच्या आधी. समक्षारता-पृष्ठ काढण्यासाठी मूल्ये जाळीच्या बिंदूंवर लागतात आणि आपल्याकडे ती पेशींवर आहेत, तेव्हा बिंदूभोवतीच्या पेशींची सरासरी घेतली जाते. तुकड्याच्या काठावरच्या बिंदूला मात्र फक्त अलीकडच्या पेशी दिसतात, कारण पलीकडच्या पेशी शेजारच्या प्रोसेसकडे असतात. एकाच बिंदूसाठी दोन प्रोसेस दोन वेगळ्या सरासऱ्या काढतात, पृष्ठ दोन्ही बाजूंना किंचित वेगळ्या जागी कापले जाते, आणि मध्ये फट राहते. मुखाकडे रेटलेल्या पाण्यात क्षारता थोड्या अंतरात झपाट्याने बदलते, म्हणून पावसाळ्याच्या चित्रांत ही फट ठळक होते. उन्हाळ्याच्या निकालांतही ती असणारच, फक्त नजरेत भरत नसेल.

काचेच्या भिंतींचे कारणही हेच आहे. पृष्ठभाग काढताना ज्या पेशीच्या बाजूला शेजारी सापडत नाही ती बाजू बाहेरची मानली जाते, त्यामुळे तुकड्यांच्या सीमा नदीच्या काठासारख्या रंगवल्या जातात. अपारदर्शक चित्रात त्या आत दडलेल्या असतात, एवढेच.

यावर उपाय घोस्ट सेल्सचा आहे, म्हणजे प्रत्येक तुकड्याला शेजारच्या पेशींचा एक थर उसना द्यायचा, जो गणितात धरला जातो पण रंगवला जात नाही. फाइल लिहितानाच प्रारूपाने तो थर दिला तर उत्तमच. तोवर पॅराव्ह्यूमधील घोस्ट सेल्स फिल्टर वापरावा, आणि तो पेशींवरची मूल्ये बिंदूंवर नेणाऱ्या फिल्टरच्या आधी लावावा.

खाडीपार

एक सोपी चाचणी सुचवतो. तोच निकाल एकाच प्रोसेसवर उघडून पाहा. भेगा गेल्या तर फोंडेकर म्हणतात ते खरे. राहिल्या तर दोष पॅराव्ह्यूत आहे असे समजून आवृत्ती बदलावी.

फोंडेकर

ही चाचणी येथे फसवी ठरेल. फाइल मुळातच तुकड्यांत लिहिलेली असल्याने एक प्रोसेस ते सगळे तुकडे वाचून एकापुढे एक ठेवते, पण सीमेवरचे दुहेरी बिंदू एक करत नाही. म्हणजे एकाच प्रोसेसवरही भेगा तशाच राहतील आणि आपण नाहक सॉफ्टवेअरला दोष द्याल. चार नोडांवरही प्रत्येक प्रोसेसच्या वाट्याला अनेक तुकडे येत असतील, तर वाचल्यावर प्रथम क्लीन टू ग्रिड लावून दुहेरी बिंदू एक करावेत आणि त्यानंतर घोस्ट सेल्स लावावा. भेगा नेमक्या कोठे आहेत हे पाहायचे असेल, तर तुकड्यांना प्रोसेसच्या क्रमांकानुसार रंग देणारा फिल्टर लावून रंग बदलतो ती रेषा आणि भेग जुळते का ते तपासावे.

म्हापसा_लिनक्स

भेगांचे बाजूला ठेवून आवृत्तीबद्दल लिहितो, कारण 5.12.1 घेण्यात गैर काही नाही. इतर दुरुस्त्या मिळतातच. मात्र एकच बाजू बदलू नका. क्लायंट आणि सर्व्हर यांच्या आवृत्तीचे पहिले दोन आकडे जुळले नाहीत तर जोडणीच नाकारली जाते. तिसऱ्या आकड्यातला फरक चालून गेला तरी त्यावर विसंबणे मला पसंत नाही. प्लगइन नव्या आवृत्तीवर पुन्हा कंपाइल करावा, आणि तो क्लायंट व सर्व्हर या दोन्ही ठिकाणी.

जुनी आवृत्ती पुसण्याची गरज नाही. लिनक्ससाठीची तयार आवृत्ती ही केवळ एक टार फाइल असते. ती वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडली की दोन्ही आवृत्त्या सुखाने नांदतात. या तयार आवृत्तीसोबत स्वतःची एमपीआय (प्रोसेसना आपसात संदेश पाठवू देणारी लायब्ररी) आणि स्वतःचा एमपीआयएक्झेक (त्या प्रोसेस एकत्र सुरू करणारा प्रोग्राम) येतो. कारभाऱ्यांनी सवयीने क्लस्टरवरच्या ओपन-एमपीआयचा एमपीआयएक्झेक वापरला, तर आठ प्रोसेसचा एक सर्व्हर सुरू होण्याऐवजी एकेका प्रोसेसचे आठ स्वतंत्र सर्व्हर सुरू होतात. मग एका नोडवर पहिल्याला 11111 हा पोर्ट मिळतो आणि बाकीचे पत्ता आधीच वापरात असल्याची तक्रार करतात. हा संदेश दिसला की लोक फायरवॉल तपासत बसतात. क्लस्टरची एमपीआय वापरायचीच असेल, तर पॅराव्ह्यू तिच्यासह सोर्सपासून बांधून घ्यावा. आणि त्याच सुट्टीत ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बदलू नये असे विनंतीतच लिहा. नंतर काही बिघडले तर कशामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

मांडवीकाठ (पणजी)

सर्वांचे आभार. क्लीन टू ग्रिड, त्यानंतर घोस्ट सेल्स आणि मग बिंदूंवर सरासरी, या क्रमाने 5.12.0 वरच करून पाहिले. पृष्ठ अखंड आले आणि भिंतीही गेल्या. रंग बदलण्याच्या रेषेवर काही भेगा होत्या, तर काही एकाच रंगाच्या पट्ट्यात होत्या, म्हणजे एका प्रोसेसकडे अनेक तुकडे जात होते हे उघड आहे. स्मृतीचा वापर वाढला आहे, पण नोडांना तो पेलतो. 5.12.1 ची विनंती वेगळ्या फोल्डरसाठी आणि ड्रायव्हरला हात न लावण्याच्या अटीसह पाठवत आहे. प्रारूपाच्या लेखन-भागात घोस्ट थर घालायचा झाल्यास पीव्हीटीयूच्या शीर्षकात काय नोंदवावे लागते?

फोंडेकर

शीर्षकात घोस्ट-लेव्हल (GhostLevel) हा गुण 1 असा नोंदवावा, आणि प्रत्येक तुकड्यात पेशींसाठी व्हीटीके-घोस्ट-टाइप (vtkGhostType) या नावाची, एका बाइटची, चिन्हरहित पूर्णांकांची सरणी द्यावी. उसन्या पेशींना त्यात 1 आणि स्वतःच्या पेशींना 0. सरणीचे हे नाव रोमन लिपीत अक्षरशः तसेच, मोठ्या-लहान अक्षरांसह, असावे लागते.