कॅम्परव्हॅनने कोकण किनारा, दोघंच, ५ रात्री: मार्ग आणि मुक्काम सुचवा

सायली_पुणे
मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि नवरा भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन निघतोय. लग्नाला दहा वर्षं होतील, दोघंच असे कधी गेलोच नाही. ताम्हिणीतून दिवेआगर, तिथून किनाऱ्याने मालवणपर्यंत असा बेत आहे. एवढी मोठी गाडी जंगलजेट्टीवर (गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीवर) चढते का? आणि रात्री लावायची कुठे?

खाडीपलीकडे
मालवण या वेळी सोडा. पाच रात्रींत तिथवर गेलात तर नुसती गाडी हाकाल.

जेट्टीवर छोटे ट्रकसुद्धा चढतात, त्यामुळे वजनाची काळजी नको. त्रास देतो तो मागच्या चाकांच्या मागे निघालेला भाग. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त लागतो आणि तो भाग घासतो. आमच्या सांडपाण्याच्या टाकीचा पाइप दाभोळला असाच तुटला होता. भरतीच्या आसपास चढवा. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण ३ वाजता पूर्ण भरती, अष्टमीला ६ वाजता, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. चढताना गॅस बंद ठेवा.

माडाखाली_घर
मी गुहागरचा. कळकळीची विनंती, गाडी पुळणीवर उतरवू नका. वर कोरडी दिसणारी वाळू चाक धरून ठेवते आणि मागून भरती येते. दरवर्षी ट्रॅक्टर लावून गाड्या ओढतो आम्ही.

घरगुती खानावळीत रात्रीचं जेवण सांगा आणि अंगणात गाडी लावू का म्हणून विचारा. बहुतेक जण हो म्हणतात. न्हाणीघर मिळतं, टाकीत पाणी भरता येतं. फक्त माडाखाली लावू नका, नारळ पडला तर टप आणि काच दोन्ही जातात. मार्चमध्ये दमट उकाडा असतो, खिडक्यांना जाळी आहे का ते गाडी घेतानाच बघा.

उलटी_वाट
माझं मत जरा वेगळं आहे. दक्षिणेकडून उत्तरेला या. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे वर येताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो. वाटेल तिथे थांबायला समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. श्रीवर्धन-दिवेआगरमधल्या शेखाडीच्या रस्त्यावर हे फार जाणवतं. कराडवरून कुंभार्ली घाटाने चिपळूण, तिथून गुहागर गाठा. मग धोपावे-दाभोळ जेट्टी, हर्णै, वेळास, वेसवी-बागमांडला जेट्टी, श्रीवर्धन, दिवेआगर आणि ताम्हिणीतून घरी.

हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नका. तिथलीच ताजी मासळी घेऊन व्हॅनमध्ये रांधा, त्यासाठीच तर स्वयंपाकघर बरोबर आहे! वेळासला मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. त्या दिवशी घरटं फुटलं तरच दिसतील, पण त्या आशेने एक रात्र राहाच. किनाऱ्याकडे गाडीचे दिवे मात्र अजिबात लावू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात.

सायली_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. उलट्या वाटेनेच येतोय: गुहागरला दोन रात्री, मग हर्णै, वेळास, दिवेआगर. नवरा आत्ता कॅलेंडर घेऊन तिथ्यांची पाऊणपट काढतोय. गुहागरहून हेदवीची बामणघळ बघायची आहे, तिथे भरतीला जावं ना?

माडाखाली_घर
हो, भरतीलाच. पाणी घळीत घुसून उंच उसळतं. पण कडेला जाऊ नका, खडकावर शेवाळ असतं. लांबूनच बघा.